जंगलालगतच्या शेतात येणारे जमिनीवरचे पक्षी : ओळख, पिकाची राखण आणि घरट्यांची काळजी

भुईमुगाची टोकण झाली, हलका पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जंगलाच्या बाजूच्या चार-सहा ओळी उकरलेल्या दिसल्या. ओल्या मातीत तीन बोटांचे मोठे ठसे आहेत आणि खड्ड्यांतील दाणे गायब आहेत. डोंगराच्या पायथ्याला किंवा वनहद्दीला लागून शेती असेल, तर हा अनुभव तुम्हाला नवा नाही. अशा वेळी मनात राग असतो, बियाण्याचा खर्च डोळ्यांसमोर असतो आणि कोणीतरी हमखास सल्ला देते, "दाण्याला औषध चोळून बांधावर टाक, एकदाच बंदोबस्त होईल." हा सल्ला कायद्याने गुन्हा आहे, घरच्या जनावरांना आणि मुलांना धोक्याचा आहे आणि त्यातून पिकाचे संरक्षणही होत नाही.

जमिनीवर चरणारे पक्षी पिकाला त्रास देतात ते वर्षातले मोजकेच दिवस असतात. ते दिवस ओळखून तेवढीच कडक राखण केली, तर बहुतेक नुकसान टळते. दुसऱ्या बाजूला, हेच पक्षी जमिनीवर अंडी घालतात आणि त्यांच्या घरट्यांचे दिवस नेमके आपल्या राब भाजणीच्या, नांगरटीच्या आणि गवत कापणीच्या दिवसांत येतात. पक्ष्यांपासून पीक कसे वाचवावे आणि आपल्या कामापासून पक्षी कसे वाचवावेत, या दोन्ही गोष्टी या लेखात एकत्र दिल्या आहेत.

शेतात कोण कोण येते?

सगळ्यांना "रानपाखरे" म्हणून एकाच मापाने मोजू नये. काही पक्षी दाणे खातात, काही फक्त किडे खातात.

मोर-लांडोर : ओळख सांगण्याची गरज नाही. धान्य, कोवळे कोंब, टोमॅटो, मिरची, भुईमूग, हरभऱ्याची पाने असे जवळपास सगळे खातात. त्याचबरोबर किडे, सरडे आणि लहान सापही खातात. रात्री उंच झाडावर बसतात आणि उजाडताच खाली उतरून चरायला येतात. लांडोर पावसाळ्यात दाट गवतात, झुडपाखाली किंवा उसाच्या बांधाला ३ ते ६ अंडी घालते आणि एकटीच सुमारे २८ दिवस उबवते. या यादीत पिकाचे सर्वांत जास्त नुकसान करणारा पक्षी हाच आहे.

रानकोंबडा-रानकोंबडी : सह्याद्रीपासून विदर्भातील जंगलांपर्यंत आढळणारा राखी रानकोंबडा फक्त भारतातच, तोही मुख्यतः दक्षिण आणि पश्चिम भागात सापडतो. नराच्या मानेवरील पिसांवर पिवळसर-पांढरे चकचकीत ठिपके असतात. मादी तपकिरी असून तिच्या छातीवर पांढरे-काळे खवले दिसतात. पहाटे आणि संध्याकाळी जंगलाच्या कडेला येतात, पालापाचोळा उकरून वाळवी, किडे, बिया आणि पडलेली फळे खातात. बांबूला फुलोरा येऊन बी पडले की तेथे मोठ्या संख्येने जमतात. उघड्या शेतात फार आत शिरत नाहीत, त्यामुळे नुकसान असलेच तर कडेच्या ओळींपुरते असते. घरटी मुख्यतः फेब्रुवारी ते मे या काळात, झुडपाच्या बुडाशी असतात. अंडी साधारण ४ ते ७ आणि उबवण तीन आठवड्यांची.

चकोत्री : लहान कोंबडीएवढा, तांबूस रंगाचा, लाजाळू पक्षी. डोळ्याभोवती लाल कातडी असते. करवंदीच्या आणि बांबूच्या जाळीतून सहसा बाहेर येत नाही. काजू-आंब्याच्या बागेत जाळी राखलेली असेल, तर जोडीने फिरताना दिसतो. पिकाला याचा त्रास नगण्य आहे.

तित्तर : माळरान, बोरी-बाभळीची झुडपे आणि कोरडवाहू शेताचे बांध ही याची जागा. पहाटे मोठ्याने ओरडतो, दिसतो कमी. जोडीने किंवा पिलांसह फिरतो. गवताचे बी, तणांचे बी, सांडलेले धान्य आणि वाळवी हे मुख्य खाणे. पेरणीनंतर उघडे राहिलेले दाणे टिपतो. घरटे वर्षातून कधीही असू शकते, पण एप्रिल ते सप्टेंबर या काळात जास्त. बांधाच्या गवतात ६ ते ८ अंडी असतात.

लावा आणि दुर्लाव : पायाखालून एकदम फर्रकन उडणारा थवा लाव्यांचा असतो. दुर्लाव दिसायला लाव्यासारखाच, पण त्याच्या पायाला तीनच बोटे असतात. मागचे बोट नसते. याची रीत उलटी आहे. मादी अंडी घालून निघून जाते आणि अंडी उबवणे, पिले सांभाळणे हे सगळे नर करतो. अंडी सहसा चार असतात आणि बारा-तेरा दिवसांत फुटतात. दोन्ही पक्षी तणांचे बी आणि किडे खातात. ते इतके लहान आहेत की त्यांच्यामुळे पीक गेले असे म्हणता येत नाही.

टिटवी आणि माळटिटवी : या दोघी पीक खात नाहीत. किडे, अळ्या, गोगलगायी हेच त्यांचे खाणे. मार्च ते ऑगस्टमध्ये नांगरलेल्या किंवा पडीक रानात, खळग्यात चार खडे मांडून त्यात बहुधा चार अंडी घालतात. ती मातीच्या ढेकळांत दिसूनही येत नाहीत. टिटवीची अंडी सुमारे चार आठवडे उबवावी लागतात. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, असा अंदाज अनेक गावांत सांगितला जातो. तो अंदाज पेरणीसाठी धरू नये, पण त्या निमित्ताने घरट्याकडे लक्ष जाते हे चांगलेच आहे.

रातवा : संध्याकाळी गाडीवाटेवर बसलेला आणि उजेड पडताच डोळे लाल चमकणारा पक्षी तो हाच. दिवसा पालापाचोळ्यात निश्चल बसतो. घरटे करत नाही, उघड्या जमिनीवरच बहुधा दोन अंडी घालतो. रात्री उडणारे पतंग आणि भुंगेरे पकडून खातो.

नुकसान कोणी केले ते आधी पाहा

मोर दिवसा दिसतो म्हणून नाव त्याचे होते, आणि रात्री येऊन गेलेला दुसराच असतो. उपाय करण्याआधी सकाळी लवकर, माणसांचे पाय पडण्यापूर्वी, शेत पाहून घ्या.

- रानडुक्कर : पूर्ण ओळ नांगरल्यासारखी उलथलेली असते. खुरांचे जोड ठसे दिसतात. हे काम रात्रीचे.
- साळिंदर : खोड किंवा कंद कुरतडलेला, दातांच्या खुणा स्पष्ट. कधी काटा पडलेला सापडतो.
- उंदीर, खार : टरफले जागेवर किंवा बिळाच्या तोंडाशी पडलेली असतात. जवळ बीळ सापडते.
- मोर : ठराविक अंतरावर वेगवेगळे खड्डे, माणसाच्या तळहाताएवढे तीन बोटांचे ठसे आणि मोठी विष्ठा. फळपिकात जमिनीलगतच्या फळांवर चोचीचे खोल घाव.
- रानकोंबडी, तित्तर : ठसे गावठी कोंबडीएवढे किंवा लहान. माती वरवर उकरलेली आणि नुकसान जंगलाच्या किंवा झुडपाच्या कडेपासून थोड्याच अंतरापर्यंत.
- कावळा : मक्याचा कोंब उपटून दाणा खाल्लेला आणि कोंब तिथेच टाकलेला.

दोन सकाळी असे निरीक्षण केले, तर राखण दिवसाची हवी की रात्रीची, एवढे तरी नक्की कळते. डुकराचे नुकसान असताना दिवसभर मोर हाकलण्यात मजुरी घालवणारे शेतकरी कमी नाहीत.

धोक्याचे मोजके दिवस आणि राखणीचे उपाय

१. पेरणी ते उगवण. भुईमूग, मका, हरभरा आणि भाताची रोपवाटिका यांना पहिले आठ-दहा दिवस जपावे लागते. रोप दोन-तीन पानांवर आले की दाण्यातला साठा संपतो आणि पक्ष्यांची त्यातील गोडी कमी होते.

- बी उथळ पडू देऊ नये. भुईमूग साधारण ५ सेंटिमीटर खोल टोकावा आणि माती हाताने किंवा पायाने दाबून घ्यावी. पेरणी यंत्र वळवताना तासाच्या टोकाला सांडलेले दाणे त्याच दिवशी मातीआड करावेत. या सांडलेल्या दाण्यांवरच पक्षी पहिल्यांदा येतात आणि मग ओळ धरून आत जातात.
- एकाच शिवारातील शेतकऱ्यांनी शक्यतो बरोबर पेरणी करावी. एकटे शेत आठवडाभर आधी पेरले, तर सगळ्या पक्ष्यांचा भार त्याच्यावर पडतो.
- भाताच्या गादीवाफ्यावर बी टाकल्यावर चाळलेले शेणखत व माती यांचा पातळ थर द्यावा. वर पेंढा पसरावा किंवा जाळी ताणून लावावी आणि उगवण झाल्यावर काढावी.
- जंगलाच्या कडेच्या दोन-तीन ओळींसाठी थोडे बियाणे राखून ठेवावे. उगवणीनंतर आठ-दहा दिवसांच्या आत नांग्या भरल्या, तर पीक एकसारखे येते.

२. फळ पक्व होण्याचा काळ. टोमॅटो आणि मिरचीत मोर जमिनीलगतची, रंग धरलेली फळे टोचतो. टोमॅटोला तार-काठीचा आधार देऊन फळे वर ठेवावीत आणि रंग बदलू लागताच तोडणी करावी. तोडणीत चार दिवसांची चालढकल झाली की नुकसान वाढते.

३. कापणीनंतर शेतात पडलेले पीक. भाताच्या कडपा, भुईमुगाचे उपटलेले वेल, सोयाबीनचे ढीग जंगलाच्या बाजूला ठेवू नयेत. घराकडच्या बाजूला रचावेत आणि झाकावेत.

राखण कशी करावी?

- वेळ साधावी. मोर आणि रानकोंबडी उजाडल्यापासून पहिले दोन तास आणि सूर्य मावळण्यापूर्वीचे दोन तास जास्त चरतात. दिवसभर माणूस बसवण्यापेक्षा या चार तासांची राखण पुरेशी ठरते. घरातील माणसांनी पाळी लावली तर मजुरीही लागत नाही.
- चमकणारी फीत. लाल-रुपेरी फीत पिकाच्या थोडी वर, काठ्यांना पीळ देऊन ताणून बांधावी. वाऱ्यावर ती चमकते आणि आवाजही करते. पक्ष्यांना तिची सवय होते, म्हणून धोक्याचे दिवस सुरू होताना लावावी आणि ते संपताच काढून गुंडाळून ठेवावी. वर्षभर लावून ठेवलेली फीत कुचकामी ठरते. बुजगावण्याचेही तसेच आहे. दर दोन दिवसांनी त्याची जागा बदलावी.
- कडेला आडोसा. मोर उडू शकतो, पण शेतात बहुतेक वेळा चालत शिरतो. जंगलाच्या बाजूने जुन्या साड्या किंवा शेडनेट चार-पाच फूट उंच, जमिनीपर्यंत ताणून लावल्यास त्याची नेहमीची वाट मोडते. याने पूर्ण अटकाव होत नाही. राखणीला मात्र मदत होते.
- जाळी ताणलेली हवी. सैल नायलॉन जाळीत पक्षी, साप आणि सरडे अडकून मरतात. जाळी लावली तर रोज सकाळ-संध्याकाळ पाहावी.
- पिकाची जागा. जंगलाला लागून भुईमूग, मका, टोमॅटो घेण्यापेक्षा तेथे हळद, आले, तीळ किंवा चारापिके घ्यावीत आणि नाजूक पीक घराजवळ आणावे.
- मोकळी कुत्री नकोत. राखणीचे कुत्रे बांधून किंवा माणसाबरोबर ठेवावे. मोकळे कुत्रे उडू शकणाऱ्या मोराला काही करू शकत नाही, पण जमिनीवरची अंडी आणि पिले संपवते.

विषाचा मार्ग का बंद ठेवावा?

विष घातलेला दाणा मोरच खाईल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. तो तित्तर, होला, चिमणी, घरची कोंबडी, शेळी किंवा बैलही खाऊ शकतो. मेलेला पक्षी कुत्रा, मुंगूस, घार खातात आणि विष पुढे जाते. जागा मोकळी झाली की जंगलातून दुसरे पक्षी येतात. म्हणजे पुढच्या पेरणीला तुमचा प्रश्न होता तेथेच असतो.

जाणूनबुजून विष घातले नाही, तरी नकळत विषबाधा होते. पुढील चार ठिकाणी लक्ष द्यावे.

- दाणेदार कीटकनाशके : पक्षी अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात, त्यात हे दाणेही टिपतात. दाणेदार औषध मातीत मिसळूनच द्यावे. फोरेट या कीटकनाशकावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. घरात जुना साठा असेल तर वापरू नये, कोणाला देऊही नये.
- बीजप्रक्रिया केलेले बियाणे : रंगवलेले दाणे उघड्यावर राहू देऊ नयेत. उरलेले बियाणे बांधावर फेकू नये किंवा कोंबड्यांना घालू नये. रिकाम्या पिशव्या झटकतानाही काळजी घ्यावी.
- उंदरांचे आमिष : झिंक फॉस्फाईडचे आमिष कागदाच्या पुडीत बिळाच्या आत सरकवून बिळाचे तोंड मातीने बंद करावे. बांधावर उघडे ठेवू नये. मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत.
- फवारणीचे पाणी : पंप धुतलेले पाणी ओहोळात किंवा डबक्यात सोडू नये. उन्हाळ्यात पक्षी आणि जनावरे त्याच पाण्यावर येतात.

आपली कामे आणि त्यांची घरटी : वर्षाचा आढावा

जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्याजवळ लपण्याखेरीज दुसरे संरक्षण नसते. मादी अंड्यांवर इतकी निश्चल बसते की माणूस दोन पावलांवर येईपर्यंत उठत नाही. आग किंवा यंत्र आले की अंडी जातात, कधी मादीही जाते.

फेब्रुवारी ते मे. कोकण आणि घाटात राब भाजणी, विदर्भात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखाली पाचोळा जाळणे, माळावर गवत पेटवणे ही कामे याच काळातली आहेत. रानकोंबडी, चकोत्री, रातवा, माळटिटवी यांची घरटीही याच काळात असतात.

- राब भाजताना आधी चारही बाजूंनी पाचोळा ओढून जाळपट्टा काढावा. वारा पडलेला असताना, पाणी आणि माणसे जवळ ठेवून भाजणी करावी. आग झुडपात शिरू देऊ नये.
- मोहाखाली आग लावण्याऐवजी पाचोळा झाडून बाजूला करावा किंवा जाळी, जुने कापड अंथरावे. फुलेही स्वच्छ मिळतात.
- काजू-आंबा बागेत ब्रश कटर चालवण्यापूर्वी काठी आपटत एक फेरी मारावी. पक्षी जेथून उठेल तेथे थांबून पाहावे. बागेच्या कडेची जाळी पूर्ण साफ करू नये, एक पट्टा राखावा.

मार्च ते जून. उन्हाळी नांगरट आणि वखरणी. टिटवीची अंडी उघड्या रानात असतात. ट्रॅक्टर जवळ येताच टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालत असेल, तर घरटे जवळच आहे असे समजावे.

जुलै ते सप्टेंबर. लांडोर, तित्तर आणि लावे बांधाच्या गवतात असतात. सगळे बांध एकाच दिवशी कापू नयेत. चाऱ्याची गरज पाहून एकाआड एक बांध कापावा. तणनाशक बांधावर मारू नये. त्याने घरट्याचा आडोसा जातो आणि बांधाची मातीही पावसात सुटते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर. सोयाबीन, भात आणि गवताची कापणी. या वेळी पिले चालती-फिरती असतात, पण घाबरली की पळण्यापेक्षा जागीच दडून बसतात. चारही बाजूंनी कापत मध्ये आले, तर सगळी पिले शेवटच्या पट्ट्यात कोंडली जातात. म्हणून शेताच्या मध्यापासून बाहेर किंवा घराच्या बाजूकडून जंगलाच्या बाजूकडे कापत जावे. पिलांना पळायला वाट राहते. हार्वेस्टर असेल तर चालकाला हे सुरुवातीलाच सांगावे.

घरटे सापडले तर काय करावे?

१. अंड्यांना हात लावू नये, जागा बदलू नये. पाच-दहा मिनिटे लांब जाऊन पाहावे. मादी परत येते.

२. घरट्यापासून काही पावले दूर, दोन-तीन बाजूंना काठ्या रोवाव्यात. कापडी झेंडे लावू नयेत. त्याने कावळे, कुत्री आणि माणसे आकर्षित होतात.

३. काठ्यांच्या आतला तुकडा तात्पुरता सोडून बाकी काम करावे. पाच-सहा फुटांचे वर्तुळ सुटल्याने तुमच्या उत्पन्नात फरक पडत नाही. टिटवीसाठी चार आठवडे, रानकोंबडी आणि तित्तरासाठी सुमारे तीन आठवडे थांबावे लागते.

४. अंडी घरी आणून कोंबडीखाली ठेवू नयेत. हा गुन्हा आहे. शिवाय अशी पिले रानात जगायला शिकत नाहीत.

५. पिले एकटी दिसली म्हणून उचलू नयेत. या पक्ष्यांची पिले अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात चालू लागतात आणि आई जवळच दडलेली असते. रातव्याची पिले मात्र काही दिवस जागेवरच बसून असतात, त्यांनाही तसेच राहू द्यावे.

६. पक्षी जखमी असेल किंवा एकाच जागी अनेक मेलेले पक्षी आढळले, तर उघड्या हाताने स्पर्श न करता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकाला कळवावे.

या पक्ष्यांचा शेताला उपयोग किती?

तित्तर, लावे, रानकोंबडी वाळवी आणि तणांचे बी खातात. टिटवी नांगरटीतून वर आलेल्या अळ्या आणि किडे टिपते. रातवा रात्री उडणारे भुंगेरे आणि पतंग धरतो. हे काम वर्षभर आणि फुकट चालते. मात्र केवळ पक्ष्यांच्या भरवशावर हुमणी किंवा वाळवी आटोक्यात येईल, असे समजू नये. उन्हाळी नांगरट, पहिल्या पावसानंतर भुंगेरे गोळा करणे, कुजलेलेच शेणखत वापरणे ही कामे करावीच लागतात. नुकसान मात्र एका आठवड्यात डोळ्यांसमोर दिसते आणि उपयोग बावन्न आठवडे न दिसता होत असतो, हे हिशेब करताना ध्यानात घ्यावे.

पक्षी शेतात यावेत म्हणून मुद्दाम धान्य टाकू नये. त्याने पक्षी पिकाला सरावतात आणि एका जागी गर्दी होऊन रोग पसरतो. उन्हाळ्यात पाणी ठेवायचे असेल, तर पिकापासून दूर, जंगलाच्या बाजूला, उथळ पसरट भांड्यात ठेवावे आणि रोज धुऊन भरावे.

परसातील कोंबड्या आणि रानकोंबडी

जंगलालगतच्या वस्तीवर रानकोंबडा गावठी कोंबड्यांत येऊन चरतो. पाळीव कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबडीपासून आली असली, तरी तिच्या पिवळ्या कातडीचा गुणधर्म राखी रानकोंबडीकडून आला, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसले. नाते इतके जवळचे असल्याने रोगही एकमेकांना लागू शकतात. मानमोडी म्हणजेच राणीखेत रोग हा त्यातला सर्वांत घातक.

- पिलांना ५ ते ७ दिवसांच्या वयात लासोटा आणि ६ ते ८ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी लस पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने द्यावी.
- कोंबड्यांना खाद्य-पाणी खुराड्यात किंवा अंगणात द्यावे, जंगलाच्या कडेला नको.
- मेलेली कोंबडी रानात फेकू नये. चुना टाकून खोल पुरावी.
- अचानक अनेक कोंबड्या मेल्या, तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

कायदा काय सांगतो?

मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान आहे. त्याच्या शिकारीसाठी किमान तीन ते कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. रानकोंबडी, तित्तर, लावे यांनाही या कायद्याचे संरक्षण आहे. "शिकार" या शब्दात बंदुकीने मारणे तर आलेच, शिवाय विष घालणे, फासे लावणे, सापळ्यात पकडणे, अंडी फोडणे आणि घरटे विस्कटणे हेही येते. शेत स्वतःच्या मालकीचे आहे, हे कारण यात चालत नाही. कुंपणात वीज सोडणे तर माणसांच्याही जिवावर बेतते.

नुकसान मोठे असेल तर छायाचित्रे काढावीत, ठसे पुसू देऊ नयेत आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात लगेच लेखी कळवून पंचनाम्याची मागणी करावी. डुकराचे किंवा हरणाचे नुकसान मोराच्या नावावर लिहिले गेले, तर भरपाईचा अर्ज अडतो. त्यासाठीही ठशांची ओळख उपयोगी पडते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

पेरणीपूर्वीच्या गावबैठकीत बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक देतो, त्याच वेळी सांडलेले बियाणे मातीआड करणे आणि उंदरांचे आमिष बिळात ठेवणे हे दोन मुद्दे जोडून सांगावेत. जंगलालगतच्या गावांत चमकणारी फीत आणि जाळी गटाने विकत घेतल्यास खर्च वाटला जातो. उगवणीचा आठवडा संपला की ती पुढच्या शेतात वापरता येते. राब भाजणीच्या आधी वनरक्षकाला बैठकीला बोलवावे. आग, घरटी आणि भरपाई या तिन्ही विषयांवर शेतकऱ्यांना एकाच वेळी उत्तरे मिळतात आणि दोन्ही बाजूंचा राग कमी होतो.

लक्षात ठेवा

- आधी ठसे पाहा, मग उपाय ठरवा.
- उगवणीचे आठ-दहा दिवस आणि फळाला रंग येण्याचे दिवस कडक राखण करा. राखण पहाटे आणि संध्याकाळी हवी.
- विष, फासे आणि वीज यांपासून लांब राहा.
- आग लावण्यापूर्वी आणि यंत्र चालवण्यापूर्वी एक फेरी मारा.
- कापणी मध्यापासून बाहेर किंवा जंगलाच्या दिशेने करा.
- घरटे सापडल्यास तेवढा तुकडा तीन-चार आठवडे सोडा.

येत्या पेरणीला जंगलाच्या बाजूच्या ओळींपासून सुरुवात करा. बी खोल टाका, टोकाचे सांडलेले दाणे झाका आणि पहिले दहा दिवस पहाटे शेतावर एक चक्कर ठेवा. पक्षी येतीलच, पण तुमची पेरणी वाया जाणार नाही.